रकाना रिकामा राहिला तर

“अन् हा रिकामा राहिला तं?”

कागदावर फूटपट्टी दाबून धरलेली, पेन्सिलचं टोक एका ओळीवर टेकलेलं, आणि चष्म्याच्या वरून आमच्याकडे बघत हा प्रश्न. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी तो इतक्या वेळा ऐकला होता, की ताईंनी तोंड उघडायच्या आत आम्ही तो मनातल्या मनात म्हणून टाकायचो. त्यांना ते कळायचं. तरी विचारायच्याच.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. काम संपत आलेलं असतं, साहेबांना ‘झालं’ म्हणून सांगून टाकलेलं असतं, आणि हे माणूस नेमकं तेव्हाच एक शंका काढतं. शंका बरोबर असते, त्यामुळे तर डोकं आणखी फिरतं. मी चिडका आहे हे काही लपवत नाही. मनीषनगरमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात बारा वर्षं प्रोग्राम लिहून माझा स्वभाव तसूभर सुधारला नाही. पण निम्मं चिडणं या एका बाईमुळे होतं, असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं.

ताई आमच्याकडे डेटाबेस सांभाळायच्या. प्रोग्राम आम्ही लिहायचो, आणि त्यात लोक जी माहिती भरतात ती जिथं साठते ते कोठार ताईंच्या ताब्यात. आता यातली ग्यानबाची मेख सांगतो. प्रोग्रामच्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरवावा लागतो: हा आकडा, ही अक्षरं, ही तारीख, हे नुसतं हो-नाही. डेटाबेसमध्येही प्रकार असतात, पण ते प्रोग्रामच्या प्रकारांशी तंतोतंत जुळत नाहीत. नाव सारखं असलं तरी माप वेगळं असतं. ही जुळवाजुळव कंटाळवाणी, म्हणून बहुतेक लोक ती मशीनवर सोपवून मोकळे होतात.

ताई नाही सोपवायच्या. कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे प्रोग्राममधला प्रकार, उजवीकडे डेटाबेसमधला, आणि दोघांना जोडणारी आडवी रेघ, तीही फूटपट्टीनं. कॉम्प्युटरच्या ऑफिसात पेन्सिल आणि फूटपट्टी! प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायच्या, रिकामा राहिला तर काय ते विचारायच्या, आणि शेवटी प्रोग्राम लिहिणाऱ्याची सही घ्यायच्या. “सही कर गा. मग जा चहाले.”

मी न वाचता सही करायचो. चहा निवत असायचा.

एकदा मी मोबाइल नंबरासाठी आकड्याचा प्रकार घेतला होता. ताईंनी विचारलं, “नंबराची बेरीज करून राहिला का तू?”

“नाही.”

“गुणाकार?”

“नाही हो ताई.”

“मग आकडा कायले? अक्षरं कर. उद्या कोणी पुढं शून्य लावून देईन, अन् तुझा प्रोग्राम ते खाऊन टाकन.” मी दात-ओठ खात बदललं. पुढच्याच आठवड्यात लोकांनी पुढं शून्य लावून नंबर भरले. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, हा त्यांचा आणखी एक त्रास. माणसानं एकदा तरी ‘सांगितलं होतं ना’ म्हणावं, म्हणजे आपल्याला भांडता येतं.

गावांच्या नावांचंही तसंच. मी वीस जागांचा रकाना ठेवला, कारण इंग्रजीत मोजलं तर वीस पुरत होत्या. मराठीत लांब नावांच्या शेपट्या तुटायला लागल्या. ताई पडद्याकडे बघून म्हणाल्या, “मराठी अक्षराले जागा जास्त लागते गा. तुझ्या आईच्या नावाचं शेपूट कापलं तं चालन का तुले?” सगळे हसले. मी हसलो नाही.

त्या मूळच्या डेटाबेसवाल्या नव्हेतच. कधीकाळी छापील फॉर्म बघून टायपिंग करायला आल्या आणि फॉर्मवरची माहिती कुठं जाते या कुतूहलापायी सगळं स्वतः शिकल्या. रोज सक्करदऱ्याहून स्कूटीवर यायच्या, डब्याच्या पिशवीत फूटपट्टी उभी. रिकाम्या रकान्याचं त्यांना एवढं काय पडलंय, असं मी एकदा वैतागून विचारलं. त्या डबा खात होत्या.

“माझ्या मायची जन्मतारीख एक जुलै,” त्या म्हणाल्या. “बापाची पण एक जुलै. मावशीची एक जुलै. आमची अर्धी वस्ती एकाच दिवशी जन्मली.”

“असं कसं?”

“मास्तराच्या रजिस्टरमधे तारखेचा रकाना होता. आमच्या लोकाले तारीख माहीत नव्हती. रिकामं ठेवणं मास्तराले चालत नव्हतं, म्हणून त्यानं टाकून देली. मायले विचारलं तं ती सांगे, कापूस वेचायचे दिवस होते, थंडी होती.” त्यांनी लोणच्याची फोड बाजूला केली. “आता सरकारी कागदावर ती पावसाळ्यातच जन्मली. मास्तर वाईट नव्हता गा. त्याले फक्त रकाना भरायचा होता.”

मी ‘हं’ म्हटलं आणि माझा डबा उघडला.

मग विहिरींचं काम आलं. एका खात्यासाठी होतं. कोणतं ते जाऊ द्या. प्रत्येक गावात एक माणूस नेमलेला. त्यानं विहिरीत वजन बांधलेला टेप सोडायचा, काठापासून पाणी किती मीटर खोल आहे ते मोजायचं आणि मोबाइलवर भरायचं. पाणी जितकं खोल तितकी टंचाई मोठी, आणि त्यावरून उन्हाळ्यात कोणत्या गावाला टँकर द्यायचा ती यादी निघणार. खोली शून्य म्हणजे पाणी काठाला लागलेलं. हे शून्य लक्षात ठेवा.

ताईंच्या कागदावर त्या रकान्यापुढं गोल करून लिहिलं होतं: ‘रिकामा चालेल. प्रोग्राममध्येही रिकामा राहू शकणारा प्रकारच घ्यावा.’ खाली माझी सही. पण प्रोग्राममध्ये मी साधा आकड्याचा प्रकार घेतला होता, सवयीनं. आणि आमच्या प्रोग्रामच्या भाषेत त्या साध्या आकड्याला रिकामं राहताच येत नाही. त्याच्यात काहीतरी असावंच लागतं.

खात्याच्या अधिकाऱ्यांना नकाशा दाखवायचा होता त्या दिवशी ताई भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. सकाळी करून पाहिलं, तर न मोजलेली पहिली विहीर आली आणि प्रोग्राम कोसळला. परत केलं, परत कोसळला. आमचे साहेब मागे येऊन उभे. नीट दुरुस्ती म्हणजे चाळीसेक ठिकाणी प्रकार बदलायचा आणि प्रत्येक ठिकाण तपासायचं. दुसरा रस्ता एका ओळीचा होता: डेटाबेसला सांगायचं, रिकामं घेऊ नको, काही नसलं तर शून्य टाक. मी ती ओळ लिहिली. नकाशा सुरळीत उघडला. पाण्याची गावं निळी दिसायची होती, आणि बरीच गावं निळी दिसली. अधिकाऱ्यांना तो निळा रंग फार आवडला.

ताई परत आल्या आणि तासाभरात त्यांना ते दिसलं. “काहून केलं हे?”

“गावांत चालू व्हायच्या आधी बदलतो ताई.”

नाही बदललं. दुसरं काम आलं, तिसरं आलं. साहेबांनी फर्मान काढलं, की चालू गोष्टीला हात लावायचा नाही. ताईंनी एकट्यानं रकाना बदलला असता, तर माझा प्रोग्राम पुन्हा कोसळला असता. म्हणून त्या मला आठवण करत राहिल्या. आधी तोंडी, मग चिठ्ठीवर, मग चिठ्ठी माझ्या पडद्याला चिकटवून. पाचव्या की सहाव्या चिठ्ठीला माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी ओरडलो, “ताई, शून्य काय आणि रिकामं काय, कोणाचं काय बिघडतंय?”

त्यांनी चिठ्ठी काढली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. त्यानंतर चिठ्ठी आली नाही. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो.

भर उन्हाळ्यात एका मंगळवारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मोबाइलवरच्या त्या प्रोग्राममध्ये मदतीसाठी तोच नंबर दिलेला होता. नरखेड तालुक्यातल्या एका गावाहून बोलत होते, विहीर मोजायला नेमलेले गृहस्थ.

“साहेब, तुमच्या मोबाइलात आमची विहीर काठोकाठ भरली दाखवून राहिली. या मंग पोहायले.”

मी खास साहेबी आवाजात म्हणालो, “तुम्ही जे भरलं तेच दिसतं.”

“आमी भरलंच नाई ना जी! टेप तुटला होता. म्हून तसंच सोडून देलं. आता यादीत आमाले टँकर नाई म्हनते. पानी हाय म्हनते तुमाले.”

त्यांचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जात होता. ताईंनी उठून माझ्या हातातून फोन घेतला.

“भाऊ, नमस्कार. मोजलं नव्हतं म्हणता ना? आता दोराले दगड बांधून सोडून पाहा बरं. मी फोन धरून आहो.”

त्या खरंच धरून राहिल्या. चालल्याचा आवाज, कोणाला तरी दोर आणायला सांगितल्याचा आवाज. बराच वेळ काहीच नाही. मग खडकावर दगड आपटल्याचा एक कोरडा ठोका, तो मलाही ऐकू आला.

“आयकलं का, बाई?”

“ऐकलं,” ताई म्हणाल्या. “दोर किती गेला ते मोजून सांगा.”

यादीवर तालुक्याला शुक्रवारी बैठक होती. तिथं मंजूर झालं, की त्या उन्हाळ्यापुरतं संपलं. ताईंनी डेटाबेसमधून शून्यवाली गावं काढली. एकतीस निघाली. त्यातली खरोखर पाण्याची कोणती आणि माझ्या त्या एका ओळीची कोणती, हे कॉम्प्युटर सांगू शकत नव्हता. सगळी शून्यं अगदी सारखी. मग एकच उपाय उरला: प्रत्येक गावाला फोन. निम्मी गावं त्यांनी घेतली, निम्मी माझ्याकडे दिली. मी हुज्जत घालायचो, ‘रकाना रिकामा का सोडला’ म्हणून जाब विचारायचो. त्या फक्त म्हणायच्या, “मोजलं होतं का नाही, एवढंच सांगा भाऊ. नसन तं आता मोजून सांगा.” त्यांची गावं माझ्या दुप्पट वेगानं उरकली. एकतीसपैकी दोन गावांत, तलावाखालच्या, पाणी खरंच काठाला होतं. एकोणतीस माझी.

गुरुवारी आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. कोणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतःची गाडी पाठवणारा आहे. पण त्यांनी यादी बघितली आणि कपाळाला हात लावला.

“अरे यार, लिस्ट तो चली गई ना. आता आपणच सांगायचं, की आमची गलती आहे? पुढचं काम देईल का कोणी? अगले साल सुधार लेंगे.”

“साहेब, कंपनीच्या कागदावर पत्र द्या. मी नेऊन देते.” हे मी बोलायला हवं होतं. बोलल्या ताई. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

“पत्र नाही मिळणार.”

“मग पत्र राहू द्या,” ताई म्हणाल्या. “उद्याची सुट्टी द्या.”

बाहेर येऊन त्यांनी कोरा कागद घेतला. फूटपट्टी, मधोमध रेघ. डावीकडे गाव आणि प्रोग्राममध्ये काय दिसतं. उजवीकडे फोनवर काय मोजून सांगितलं आणि कोणी सांगितलं. एकोणतीस ओळी. खाली स्वतःचं नाव लिहून सही केली. शेजारी लिहिलं, ‘प्रोग्राम करणारा’, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“सही कर गा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा कागद वाचला, वरपासून खालपर्यंत, दोनदा. मग म्हणालो, “साहेबांना कळलं तर?”

त्यांनी पेनही सरकवला. पेन माझ्या बाजूला तसाच पडलेला. “उद्या येतो का बरोबर?”

“उद्या माझं एक काम आहे, ताई. द्यायचंच आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. माझ्या सहीची जागा रिकामी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं त्या एकट्या गेल्या. तिथं त्यांना ‘तुम्ही कोणाच्या वतीनं’ असं विचारलं असणार, ‘ही जागा रिकामी का’ असंही. काय उत्तर दिलं ते मला कधीच सांगितलं नाही. सोमवारी नेहमीसारख्या कामाला आल्या. एवढंच बोलल्या, “ठेवून घेतला कागद. पाहू म्हणाले.”

पुढं खात्याकडून विचारणा आली. कंपनीनं उत्तर पाठवलं, की डेटाबेसमध्ये गडबड होती, संबंधित व्यक्तीवर कारवाई केली आहे. डेटाबेस म्हणजे ताई, आणि कारवाई म्हणजे त्यांनी नोकरी सोडून घरी जायचं. त्यांच्या कपाटात माझ्या सहीचा जुना कागद होता, गोल करून लिहिलेल्या त्या ओळीसकट. तो साहेबांच्या टेबलावर ठेवला असता, तर त्यांच्या जागी मी घरी गेलो असतो. मी तीन दिवस त्याची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी त्या डब्याची पिशवी आणि फूटपट्टी घेऊन उठल्या, आणि सगळ्या कागदांची फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

“ठेव तुझ्यापाशी. पुढच्या माणसाले कामी येईन.”

फाइलमध्ये तो कागद होता. मी ती खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. असा मी.

त्या गेल्यावर मी प्रोग्राम बदलला. एका आठवड्यात बदलून झाला. इतका वेळ ज्याला ‘वेळ नाही’ म्हणत होतो तो एक आठवडा! मग त्यांना फोन केला. माफी मागायची होती.

“बदललं का?” त्यांनीच विचारलं.

“बदललं ताई.”

“किती ठिकाणी?”

“त्रेचाळीस.”

“हां. रिकामा टाकून पाह्यला का?”

“पाहिला. राहतो रिकामा.”

“चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “ठेवू आता? शिकवणीची पोरं आली.” कुठल्याशा क्लासमध्ये शिकवायला लागल्या होत्या. माफी मागायची राहून गेली, ती अजून राहिलेलीच आहे.

पाऊस चांगला पडून गेल्यावर टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. आवाज मी लगेच ओळखला.

“साहेब, ते बाई हाय का? टँकर आलता त्या वक्ती, बैठकीनंतर अकराव्या दिवशी. सांगाचं राहून गेलं. आता विहिरीले पानी आलं. नवीन टेपानं मोजून भरलं म्या. त्याईले द्या ना फोन.”

“त्या आता इथं नाहीत.”

“कुठं गेल्या?”

“सोडून गेल्या.”

“काहून?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. ते ‘बरं, भेटल्या तं सांगजा’ म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कर्मचाऱ्यांच्या नोंदीचा प्रोग्राम उघडला. कंपनीत आलो तेव्हा पहिल्याच वर्षी मी लिहिलेला. ताईंचं नाव शोधलं. ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात लिहिलेलं होतं: स्वेच्छेनं. कोणी लिहिलं नव्हतं ते. तो रकाना रिकामा घेत नाही. काही भरलं नाही, तर यादीतलं पहिलं कारण आपोआप टाकतो. मीच तसं केलं होतं. आणि तेव्हाही, फूटपट्टी दाबून धरून, ताईंनी मला तो प्रश्न विचारला असणारच. मी सही करून चहाला गेलो असणार.

तो प्रकार बदलायला मला वीस मिनिटं लागली. रकाना आता रिकामा राहू शकत होता. मी ‘स्वेच्छेनं’ पुसलं. रिकामी जागा पडद्यावर दिसली आणि मी जरा वेळ तिच्याकडे बघत बसलो, काहीतरी बरोबर केल्यासारखा. मग ध्यानात आलं, की हेही खोटं आहे. रिकामं म्हणजे माहीत नाही. मला तर माहीत होतं.

मी तिथं लिहिलं: ‘माझी चूक निस्तरायला गेल्या, म्हणून काढलं.’ खाली नोंद करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. त्यात मी माझं नाव घातलं.